‘वय झालं’ म्हणून सोडून दिलेलं अपंगत्व

भारतात साठी ओलांडलेल्या माणसांपैकी किती जण अपंग आहेत, या प्रश्नाला सरकारी कागदांत दोन उत्तरं सापडतात. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ५ टक्के. जानेवारी २०२१मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ‘लासी’ या वार्धक्यावरच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा सांगितलं गेलं ते ४० टक्के. दोन्ही आकडे सरकारचेच आहेत. मधल्या काळात देशातले म्हातारे आठपट अपंग झाले, असं कुणी म्हणणार नाही. बदललं ते विचारणं.

माझं म्हणणं असं आहे की गरीब, एकट्या, कष्टात झिजलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत या दोन आकड्यांमधली दरी हाच आपल्या धोरणाचा मोठा दोष आहे. भाषणात मोठा आकडा येतो. पैसे द्यायची वेळ आली की लहान आकडा पुढे येतो. मधली माणसं कुणाच्याच यादीत नसतात. अपंगत्वावरच्या संशोधनाने ही माणसं शोधून काढली पाहिजेत आणि शोधल्यानंतर त्यांच्यासाठी काही घडेल याची सोय त्या संशोधनातच असली पाहिजे. यातली पहिली गोष्ट आपल्याकडे अर्धीमुर्धी झाली आहे, दुसरी जवळजवळ नाहीच.

आधी पाचवाला आकडा कसा तयार होतो ते पाहू. प्रगणक दारात उभा असतो. त्याच्यापुढे लांबलचक तक्ता असतो आणि वस्तीतली बरीच घरं अजून बाकी असतात. घरात कुणी अपंग आहे का, असं तो विचारतो. उत्तर देतो तो घरातला कर्ता माणूस, नाहीतर त्या वेळी घरी असलेली सून. ती सांगते, नाही. आत खाटेवर सासू असते. तिला मोरीपर्यंत जायला भिंत धरावी लागते, डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, हाक दोनदा मारावी लागते. पण सून खोटं बोलत नसते. अपंग म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे कुबड्या येतात, जन्मतः अंध असलेला मुलगा येतो, अपघातात पाय गमावलेला शेजारी येतो. सासूला काय झालंय असं विचारलंत तर ती म्हणेल, काही नाही, वय झालं. आणि सासूला स्वतःला विचारलंत तर तीही तेच म्हणेल.

हा अडथळा जगभरच्या आकडेशास्त्रज्ञांना माहीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या छत्राखाली २००१मध्ये ‘वॉशिंग्टन गट’ स्थापन झाला. या गटाने अपंग हा शब्दच प्रश्नातून काढून टाकला आणि सहा साधे प्रश्न दिले. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? ऐकायला? चालायला, पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला? अंघोळ-कपडे स्वतःचं स्वतः करायला? बोललेलं समजायला आणि समजवायला? उत्तरंही हो-नाही अशी नाहीत. अजिबात नाही, थोडा, खूप, जमतच नाही, अशा चार पायऱ्या आहेत. एवढ्या बदलाने सासूचं उत्तर बदलतं, कारण अपंग आहेस का याला ती नाही म्हणेल, पण पायऱ्या चढता येतात का याला ती खरं तेच सांगेल.

‘लासी’ची पद्धत याहून खोल आहे. लाँगिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया हे त्याचं पूर्ण नाव. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या साथीने तो केला. २०१७-१८च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांना घरी जाऊन भेटले, त्यात ३१ हजारांहून अधिक साठीपुढचे होते. कल्पना ही की तीच माणसं पुढच्या फेऱ्यांमध्ये पुन्हा गाठायची, म्हणजे कुणाचं काय आणि कशामुळे ढासळलं हे कळेल. या अभ्यासात साठीपुढच्या साधारण २४ टक्के लोकांना अंघोळ, कपडे, जेवण, अंथरुणातून उठणं, खोलीत चालणं, शौचाला जाणं यांपैकी निदान एका कामात अडचण होती. स्वयंपाक, बाजार, औषधं वेळेवर घेणं, पैशांचा हिशोब, अनोळखी ठिकाणी पत्ता शोधणं अशा कामांपैकी एकात तरी अडचण असलेले ४८ टक्के निघाले. चौघांतल्या एकाला स्वतःचं अंग सांभाळणं जड जातंय आणि जवळजवळ निम्म्यांना घर चालवणं. हे वाचून जनगणनेचे ५ टक्के बाजूला ठेवावे लागतात.

तरीही हे मोजमाप आपल्या घरांत पूर्ण बसतं असं मला वाटत नाही. अंघोळ-कपड्यांची यादी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची. सिडनी कॅट्झ आणि त्यांचे सहकारी तिथे कंबरेचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या रुग्णांना पाहत होते. कुठलं काम आधी सुटतं आणि कुठलं आधी परत येतं याचा क्रम त्यांनी लावला आणि १९६३मध्ये तो प्रसिद्ध झाला. स्वयंपाक-बाजाराची यादी पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांची, १९६९ची. चांगली, टिकाऊ साधनं आहेत ही. पण जन्मात कधी चूल न पेटवलेल्या सत्तरीतल्या शेतकऱ्याला ‘गरम जेवण करता येतं का’ असं विचारलं तर त्याच्या ‘नाही’मध्ये गुडघा किती आणि सवय किती? बँकेची पायरी कधीच न चढलेल्या विधवेला पैशांचा व्यवहार जमत नाही, यात तिच्या मेंदूचा दोष आहे की तिला कुणी तिथे नेलंच नाही? लॉटन-ब्रॉडींच्या काळातही पुरुषांना गुण देताना स्वयंपाक, घरकाम आणि धुणं वगळायची पद्धत होती, म्हणजे अडचण त्यांनाही दिसत होती. आपण ४८ टक्के हा आकडा वापरताना ती विसरून जातो.

आणि जे आपल्याकडे सगळ्यात आधी सुटतं, ते या याद्यांमध्ये ठळकपणे नाही. मांडी घालून बसणं. उकिडवं बसणं. जमिनीवरून उठणं. पंगतीत, देवापुढे, विळीवर, भाताच्या लावणीत, भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर आपलं आयुष्य जमिनीच्या पातळीवर जातं. गुडघा वाकेनासा झाला की माणूस आधी भजनाला जायचं बंद करतो, मग लग्नाला, मग शेतावर. प्रश्नावलीत तो अजून सक्षमच असतो, कारण खोलीत चालता येतं. एखाद्या मराठी गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांनाच विचारलं की काय सुटलं तर जास्त लागतं, तर तयार होणारी यादी वेगळी असेल. ती यादी करणं हे संशोधकांचं काम आहे आणि त्याला परदेशी निधीची वाट बघायचं कारण नाही.

असं काम आपल्याकडे होऊ शकतं याचा दाखला पुण्याजवळच आहे. वढू बुद्रुक परिसरातल्या २२ गावांत पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र अनेक वर्षं घरटी लोकसंख्येची नोंद ठेवत आलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेज’ या वार्धक्यावरच्या अभ्यासाशी जोडलेली पाहणी तिथे झाली, पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून अधिक लोकांची. तब्येत आणि रोजचं कामकाज या दोन्हींत बायका पुरुषांपेक्षा मागे, कमी शिकलेले शिकलेल्यांपेक्षा मागे, गरीब श्रीमंतांपेक्षा मागे, असं चित्र समोर आलं. गाव तेच, पाणी तेच, दवाखाना तोच. तरी म्हातारपण सगळ्यांचं सारखं नाही.

१९९४मध्ये लॉइस व्हरब्रुग आणि अ‍ॅलन जेट यांनी मांडलेली गोष्ट मला इथे सगळ्यात उपयोगी वाटते. अपंगत्व शरीरात बसलेलं नसतं. शरीर काय करू शकतं आणि भोवतालचं जग काय करायला लावतं, या दोहोंतलं जे अंतर, ते अपंगत्व. अंतर दोन्ही बाजूंनी कमी करता येतं. गुडघ्यावर उपचार करा किंवा पायरी कमी करा.

आता हा विचार आपल्या घरांना लावून पाहा. एकाच वयाच्या, सारख्याच झिजलेल्या गुडघ्यांच्या दोन बायका घ्या. एक पुण्यात लिफ्ट असलेल्या इमारतीत राहते. घरात कमोड आहे, भिंतीला दांडी आहे, औषधाच्या दुकानाला फोन केला की औषध घरी येतं. दुसरी मुंबईत चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहते, जिना लाकडी आणि उभा, संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. किंवा ती झोपडपट्टीत राहते आणि सार्वजनिक शौचालय गल्लीच्या पलीकडे आहे, रात्री तिथे दिवा नसतो. क्ष-किरणात दोघींचे गुडघे सारखे दिसतील. पहिली थोडी लंगडते. दुसरी घरकोंडीत पडली आहे. आणि दुसरी एक गोष्ट करते जी वस्तीत काम करणाऱ्या कुठल्याही नर्सला ठाऊक असते: दुपारनंतर पाणी पीत नाही. रात्री जावं लागू नये म्हणून. त्यातून लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, उन्हाळ्यात चक्कर, चक्कर आली की पडणं, पडलं की कंबरेचं हाड. मग रुग्णालयाच्या कागदावर लिहिलं जातं, पडल्यामुळे अस्थिभंग. दिवा नसलेल्या गल्लीचा त्यात उल्लेख नसतो.

हे कारण कागदावर येणार कधी? प्रश्नावलीत ‘शौचाला जायला त्रास होतो का’ एवढाच प्रश्न न ठेवता शौचालय किती लांब आहे, किती पायऱ्या आहेत, बसायचं कसं आहे, रात्री उजेड असतो का, हेही त्याच पानावर विचारलं गेलं तर. घराची माहिती घेणारा भाग आणि तब्येतीचा भाग वेगवेगळ्या ठिकाणी असतो आणि विश्लेषणात ते क्वचितच हातात हात घालून येतात. त्यामुळे धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत पोचतं ते एवढंच की म्हाताऱ्या बायकांमध्ये अपंगत्व जास्त आहे, जणू बाई असणं हेच कारण.

बाई असणं कसं कारण बनतं, हे ऊसतोडीच्या पट्ट्यात दिसतं. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. बऱ्याच जणी तिशी-चाळिशीच्या. पाळीत खाडा पडला की दंड, उचल फेडायची असते, मुकादम थांबत नाही, फडावर संडास नाही. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं ते वेगळंच. शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हे वैद्यकशास्त्रात सर्वमान्य आहे. या बायका साठीच्या होतील तेव्हा त्यांचं अपंगत्व ‘वय झालं’ या सदरात जाईल. खरं तर ते तिसाव्या वर्षी फडावर आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर सुरू झालं. त्यांना आत्तापासून एका अभ्यासगटात घ्यावं, दर काही वर्षांनी त्यांची हाडं, चालणं, पकड मोजावी आणि कारखाने, कामगार खातं, आरोग्य खातं यांच्यासमोर ते निष्कर्ष ठेवावेत. २०१९ची ती पाहणी अनेक वर्तमानपत्रांत गाजली. पुढे वीस वर्षं त्यांचं काय होतं ते पाहणारं कुणी नसेल तर त्या गाजण्याचा या बायकांना काय उपयोग?

मोजणीतून सुटणारे आणखीही आहेत. घरोघरी होणाऱ्या पाहणीत घर नसलेले येत नाहीत. वृद्धाश्रमात, मठात, धर्मशाळेत, पुलाखाली राहणारे येत नाहीत. जे बोलू शकत नाहीत किंवा विसरतात त्यांच्या वतीने दुसरं कुणी उत्तर देतं आणि ते दुसरं कुणी बहुधा तेच असतं जे दमून गेलेलं आहे. पुन्हा भेटायला गेल्यावर जे सापडत नाहीत, त्यांतले काही वारलेले असतात, काही मुलाकडून मुलीकडे गेलेले. म्हणजे सगळ्यात कमकुवत माणूसच अभ्यासातून आधी गळतो आणि उरलेल्यांची सरासरी बरी दिसू लागते. सहाव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून अपंगत्वाविषयीचे प्रश्न वगळले गेले, तेव्हा दिव्यांगांच्या संघटनांनी विरोध केला होता. तो विरोध म्हाताऱ्यांच्या वतीनेही व्हायला हवा होता. आपला त्याच्याशी संबंध आहे, असं ज्येष्ठ नागरिक संघांनाही वाटायला हवं.

या सगळ्याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो दिव्यांग चळवळीतून येतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, बहुतेक लाभांसाठी ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. ही दारं उघडायला चळवळीने अनेक वर्षं झगडा केला. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करण्याचा नियमही अशाच झगड्यातून आला आणि अजून कित्येक ठिकाणी तो पैसा खर्च होण्यासाठी धरणं धरावं लागतं. आता दर चौथा म्हातारा अपंग म्हणून रांगेत उभा केला तर तरुण दिव्यांगाच्या वाट्याला काय उरेल?

हा आक्षेप खरा आहे, तो झटकून टाकता येणार नाही. म्हणून मी म्हणतो की प्रमाणपत्राच्या दारातून म्हाताऱ्यांना ढकलूच नये. त्यांना नोकरीत आरक्षण नको आहे, कॉलेजात जागा नको आहे. त्यांना मोरीत दांडी हवी आहे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हवी आहे, आठवड्यातून दोनदा कुणीतरी येऊन अंग पुसून जायला हवं आहे. ती गरज सांध्याच्या कोनावरून काढलेल्या टक्क्यांत मावत नाही. सत्तरीतल्या माणसाने जिल्ह्याच्या सिव्हिलपर्यंत दोन एस्ट्या बदलून जायचं, रांगेत उभं राहायचं, तारीख घेऊन परत यायचं आणि आपल्याला ३५ टक्के आहे असं ऐकून घरी यायचं, यात कुणाचंच भलं नाही. ५ टक्क्यांच्या निधीला हात न लावता ज्येष्ठांच्या रोजच्या मदतीसाठी वेगळं लेखाशीर्ष असावं आणि त्याचा निकष प्रमाणपत्र नसून रोजच्या कामातली अडचण हा असावा. हे झालं तर चळवळ आणि ज्येष्ठ एकमेकांचे स्पर्धक न राहता सोबती होतील. दांडी, उतार, रुंद दार, बसून वापरायचं शौचालय हे दोघांनाही लागतं.

दुसरा आक्षेप नेहमीचा आहे, की आपल्याकडे कुटुंब सांभाळतं. सांभाळतं, यात शंका नाही. पण कुटुंब म्हणजे घरातली एक बाई. नव्वदीच्या सासूला उचलणारी सून स्वतः पासष्टीची असते, तिचीही कंबर गेलेली असते. काही घरांत ती सून सकाळी दुसऱ्यांच्या धुण्याभांड्यांना जाते आणि म्हातारी दुपारपर्यंत एकटी असते, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवून. सांभाळणाऱ्या माणसाचे तास, तिची पाठदुखी, तिची बुडालेली मजुरी हे अपंगत्वाच्या संशोधनात मोजलं गेलं पाहिजे. मग ‘कुटुंब सांभाळतं’ या वाक्याची किंमत कळेल आणि ती कोण भरतं तेही.

सरकारकडून सध्या काय मिळतं? केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयाच्या दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे, ऐंशीनंतर ५००. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनात ३०० रुपये, तेही ८० टक्के अपंगत्व असेल तर. महाराष्ट्रात श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनांमुळे रक्कम वाढते, पण श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. आज रोजंदारीवर जाणाऱ्या घरात एवढं कमी उत्पन्न असतं का, हे तलाठ्यालाही ठाऊक असतं आणि अर्जदारालाही. १ एप्रिल २०१७ला सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी शिबिरांतून दिली जाते. राज्याने २०२४मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, पासष्टीपुढच्यांच्या खात्यात एकदाच ३ हजार रुपये.

मी या योजनांच्या विरोधात नाही. ३ हजार रुपयांत चांगली कमोडची खुर्ची येते आणि ती एखाद्या म्हातारीचं आयुष्य बदलते. पण कोणाला खुर्ची लागते, कोणाला काठी आणि कोणाला आधी डोळ्याची शस्त्रक्रिया, हे घरी जाऊन बघणारं कुणी त्या योजनेत नाही. उंचीप्रमाणे न मापलेली काठी पाठ आणखी वाकवते. एकदाच लावून दिलेलं श्रवणयंत्र कर्कश वाटलं की डब्यात जाऊन पडतं. २०१५ ते २०१९मध्ये झालेल्या राष्ट्रीय अंधत्व पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी दोनतृतीयांश मोतीबिंदूमुळे होतं. अर्ध्या तासाच्या शस्त्रक्रियेने जाणारं अपंगत्व आहे हे. ते राहतं, कारण सोबत जायला कुणी नसतं, शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात थेंब घालायला कुणी नसतं आणि म्हातारी स्वतःच म्हणते, आता माझ्यावर कशाला खर्च करता.

घरी जाऊन बघण्याने काय होतं, याचं मला भावलेलं उदाहरण बाल्टिमोरचं आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या सारा झँटन या नर्सने गरीब वस्तीतल्या, पासष्टीपुढच्या, रोजच्या कामांत अडचण असलेल्या लोकांसाठी एक कार्यक्रम आखला. चार-पाच महिन्यांत एक व्यवसायोपचार तज्ज्ञ, एक नर्स आणि एक घरदुरुस्ती करणारा कारागीर घरी येऊन जातात. सुरुवात एकाच प्रश्नाने होते: तुम्हाला काय करायचंय? कुणाला स्वतः अंघोळ करायची असते, कुणाला जिना उतरून दारात बसायचं असतं. मग त्या एका गोष्टीसाठी औषधं तपासतात, व्यायाम शिकवतात, कठडा बसवतात, सैल झालेली फरशी पक्की करतात. ३०० लोकांवर रीतसर तुलना करून अभ्यास झाला, २०१९मध्ये तो प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांनी या लोकांच्या रोजच्या कामांतल्या अडचणी तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ३० टक्के कमी होत्या. कारागिराच्या कामाला संशोधनाचा भाग मानलं गेलं, हे मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

ते अमेरिकेत, आपल्याला कुठे परवडतं, असं म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावं. कोळिकोड आणि मलप्पुरम भागात शतकाच्या वळणावर शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. सुरुवात कर्करोगाच्या रुग्णांची दुःखं हलकी करण्यापासून झाली, पण अंथरुणाला खिळलेले म्हातारेही लवकरच त्यात आले. २००८मध्ये राज्याने यासाठी धोरण केलं आणि पंचायती त्यात उतरल्या. नर्स गाडीतून घरोघर जाते, जखम धुते, नळी बदलते, घरच्यांना कूस कशी बदलायची ते शिकवते. केरळचं उत्पन्न महाराष्ट्रापेक्षा फार वरचं आहे म्हणून हे घडलं नाही. तिथे पंचायतीला वाटलं की हे आपलं काम आहे.

आणि आपल्याकडे निम्मी तयारी आधीच झालेली आहे, ही मला सगळ्यात अस्वस्थ करणारी बाब वाटते. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा आजारांची जोखीम पाहणारा जो ‘सीबॅक’ अर्ज भरतात, त्यात साठीपुढच्या माणसांसाठी वेगळे प्रश्न आहेत. उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? हालचालीला अडथळा होईल असं अपंगत्व आहे का? खाणं, कपडे, अंघोळ, चालणं, शौच यासाठी दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? जवळपास कॅट्झची यादीच आहे ही. गावोगावच्या घरांमधून ही उत्तरं गोळा होतात, ॲपमध्ये जातात. मधुमेह किंवा रक्तदाबाचा संशय असला तर त्या माणसाला पुढे पाठवतात, तपासतात, गोळ्या देतात. ‘दुसऱ्याची मदत लागते’ याला ‘हो’ म्हटलेल्या माणसाकडे पुढे कोण जातं? ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११पासून आहे, त्यात घरभेटी लिहिलेल्या आहेत, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष लिहिलेला आहे. गावातल्या त्या ‘हो’पासून त्या खाटेपर्यंत जाणारी वाट मात्र कुणी आखलेली नाही.

ती वाट आखायला आशांवर आणखी एक बिनमोबदल्याचं काम लादू नये. प्रत्येक तालुक्याला एक फिरता फिजिओथेरपिस्ट, त्याच्या हाताशी गावातलाच एक गवंडी किंवा सुतार आणि दांड्या, उतार, खुर्च्या यांसाठी ग्रामपंचायतीकडे थोडी रक्कम, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. दोन-तीन जिल्हे निवडावेत, एखादा आदिवासी तालुका, एखादा ऊसतोडीचा, एखादी शहरी वस्ती. काही गावांत हे आधी सुरू करावं, काही गावांत वर्षभराने, आणि मधल्या काळात दोन्हीकडे म्हाताऱ्या माणसांच्या रोजच्या कामांत काय फरक पडला ते मोजावं. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या जनवैद्यक विभागांना हे जमण्यासारखं आहे. दरवर्षी पदव्युत्तर विद्यार्थी कुठल्यातरी गावात जाऊन म्हाताऱ्यांमधल्या अपंगत्वाचं प्रमाण काढतात, प्रबंध होतो, ग्रंथालयात जातो. प्रमाण पुन्हा पुन्हा काढून आता नवं फारसं हाती येत नाही. काय केल्याने ते कमी होतं, हा प्रश्न मात्र जवळजवळ अस्पर्श आहे.

संशोधकांकडे माझी एक मागणी आहे, आणि ती मी नैतिक मागणी मानतो. ज्या बाईला तुम्ही विचारलंत की तुला स्वतःहून अंघोळ करता येते का, आणि ती नाही म्हणाली, तिच्या घरून उठताना तुमच्याकडे तिला देण्यासारखं काहीतरी असलं पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या ठरावीक माणसाचा फोन नंबर, त्याच्याशी आधी झालेलं बोलणं, मोतीबिंदूच्या शिबिराची तारीख आणि गाडीची सोय. संस्थांच्या नीतिसमित्या संमतीपत्रावरची सही बारकाईने तपासतात. पुढे काय करणार, हा प्रश्नही त्यांनी तितक्याच बारकाईने विचारावा आणि उत्तर नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा. अभ्यास संपल्यावर निष्कर्ष मराठीत, त्याच गावाच्या ग्रामसभेत मांडले जावेत. आपल्या गावात इतकी माणसं मोरीपर्यंत पोचू शकत नाहीत हे सरपंचाला सगळ्यांसमोर ऐकावं लागलं तर त्याचा परिणाम दिल्लीच्या अहवालापेक्षा जास्त होईल.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या तारखेची लोकसंख्या मोजणार आहे. त्यात अपंगत्वाचा प्रश्न कसा विचारला जाईल यावर पुढच्या दहा वर्षांची तरतूद अवलंबून राहील. वॉशिंग्टन गटाचे सहा प्रश्न त्यात यावेत, निदान साठीपुढच्या प्रत्येकासाठी तरी. तेही शक्य नसेल तर प्रगणकांच्या प्रशिक्षणात एवढं तरी सांगितलं जावं की घरातल्या साठीपुढच्या माणसाबद्दल त्याच माणसाला, जवळ जाऊन, मोठ्याने आणि सावकाश विचारायचं आहे. तिला चालता येतं का, दिसतं का, ऐकू येतं का, असं वेगवेगळं विचारायचं आहे आणि सुनेने दारातून दिलेलं ‘नाही’ तक्त्यात भरायचं नाही. या प्रशिक्षणात शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी असणार आहेत. ज्येष्ठ नागरिक संघांनी, फेस्कॉमसारख्या त्यांच्या महासंघाने आणि दिव्यांग संघटनांनी एकत्र येऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे ही मागणी आत्ताच लेखी नोंदवायला हवी, प्रशिक्षणाची पुस्तिका छापून झाल्यावर नव्हे.